मुलं कोणाकडे राहतात

त्या वर्षी पाऊस आला तो मुक्कामाला आल्यासारखा, आणि जाताना उतारावरचे निम्मे बांध बरोबर घेऊन गेला. फळबागांचे दगडी बांध ठिकठिकाणी पोट फुटल्यासारखे फुटले, माती खालच्या रस्त्यावर आली, झाडांची मुळं उघडी पडली. ज्यांचे बांध पडले ते कपाळाला हात लावून बसले आणि ज्यांना बांध घालता येत होता त्यांना जेवायला सवड उरली नाही.

नुसत्या दगडाचा, चुना-माती न लावता बांध घालणारी माणसं त्या भागात मोजून चार. त्यात बाई एकच. तिला सगळे बांधवाली म्हणत आणि चौघांत पहिलं बोलावणं तिलाच येई, कारण आधी तिच्या वडिलांनी आणि पुढे तिने घातलेले बांध त्या पावसातही जागचे हलले नव्हते. ही गोष्ट ती आपण होऊन कोणाला सांगत नसे. दुसरा सांगू लागला की मात्र हातातलं काम थांबवून शेवटपर्यंत ऐकून घेई.

बांधवालीचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच खाणीत दरड कोसळून गेला होता. ती माहेरी परत आली, चार दिवस रडली आणि पाचव्या दिवशी वडिलांची पहार उचलून त्यांच्या मागे कामावर गेली. त्याला आता वीस वर्षं झाली होती. हाताची बोटं जाड झाली होती, डाव्या करंगळीचं पेर एका दगडाखाली जाऊन चपटं झालं होतं, आणि ती बोलायची तेही दगड बसवल्यासारखं, एकदाच आणि पक्कं.

घरात तिच्याबरोबर तिच्या धाकट्या भावाच्या दोन मुली होत्या. थोरली अकरा वर्षांची, धाकटी पाचची. धाकटीच्या जन्माच्या वेळी त्यांची आई गेली. भाऊ वर्षभर कसाबसा घरी थांबला, मग शहरातल्या बंदरावर हमालीला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. तिकडे दुसरं लग्न केलं. लग्नाची बातमी इकडे आली ती लग्न होऊन सहा महिन्यांनी, तीही बसच्या कंडक्टरकडून.

मुलांमागे सरकारचा महिन्याचा भत्ता होता. मूल ज्याच्याकडे राहतं त्याच्या हातात तो पडायचा. पोरींचा भत्ता आधी आईच्या नावावर होता, ती गेल्यावर बापाच्या नावावर गेला. भाऊ सुरुवातीला तो इमानाने पाठवत असे. मग अर्धा येऊ लागला, मग नुसता निरोप, मग निरोपही नाही. बांधवालीने कधी विचारलं नाही. दोन चिमण्यांचं खाणं मला जड नाही, असं ती म्हणायची आणि ते खरंही होतं. तेव्हा विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, पण आपल्या हातांचा तोरा असलेलं माणूस दुसऱ्यापुढे हात पसरायचा तेवढा विसरतं.

त्या हंगामात धाकटीच्या कानाचं निघालं. पोर हट्टी म्हणून सगळ्या वस्तीत नावाजलेली. हाक मारली तर यायची नाही, दोनदा मारली तरी नाही, आणि रागावलं की डोळे मोठे करून बघत राहायची. बांधवालीने तिला त्यावरून दोन धपाटेही घातले होते. शेवटी शाळेच्या बाईंनी एक दिवस निरोप पाठवून तिला बोलावून घेतलं. त्यांनी धाकटीला पाठमोरी उभी केली आणि डाव्या बाजूने हळूच तिचं नाव घेतलं. पोर हलली नाही. मग त्यांनी उजव्या बाजूने नाव घेतलं, तेव्हा तिने लगेच मान वळवली. बांधवालीने ते पाहिलं आणि आपण घातलेले धपाटे तिला आठवले. बाईंनी खुर्ची पुढे केली, ती तिने घेतली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कानात उजेड टाकून पाहिलं. डाव्या कानाचा पडदा फाटला होता, आत घाण साठून ती हाडाकडे चालली होती. लवकर शस्त्रक्रिया करायला हवी, लांबवलं तर ऐकू येणं तर जाईलच, पण दुखणं डोक्यात शिरेल, असं त्यांनी सांगितलं. कानाचे मोठे डॉक्टर तालुक्याच्या रुग्णालयात वर्षातून दोनदा येत. पुढची तारीख चोवीस दिवसांवर होती, त्यापुढची सहा महिन्यांवर. भत्त्याच्या यादीतल्या मुलांना तिथे सगळं फुकट होतं. फक्त यादीत पालक म्हणून ज्याचं नाव असेल त्याची सही लागणार होती.

यादीत नाव भावाचं होतं.

दुसऱ्या दिवशी बांधवाली काम सोडून भत्त्याच्या कचेरीत गेली. तिथे सकाळपासून रांग होती. कडेवर मुलं घेतलेल्या बाया, हातात कागदांच्या गुंडाळ्या, आणि एकच बाकडं, त्यावर जो आधी बसला तो उठायचं नाव घेत नव्हता. तिचा नंबर दुपारी लागला. खिडकीमागे पन्नाशीची एक कारकून बाई होती, चष्मा कपाळावर चढवलेला. तिने पोरींचे नंबर यंत्रात घातले आणि पडद्याकडे बघत सांगितलं, “या मुली इथे राहत नाहीत, मावशी. शहरात राहतात.”

“मावशी नाही, आत्या,” बांधवाली म्हणाली. “आणि रोज सकाळी दोघींच्या वेण्या मीच घालते.”

“तुम्ही वेण्या घालत असाल. पण राहतात त्या शहरात. वडील आणि आईबरोबर.”

“आईला जाऊन पाच वर्षं झाली.”

कारकून बाईने चष्मा खाली ओढला, पडदा पुन्हा वाचला आणि मग पहिल्यांदाच बांधवालीकडे नीट पाहिलं. भावाने लग्नानंतर नवा अर्ज केला होता. त्यात मुली आपल्याकडे राहतात असं लिहिलं होतं आणि आईच्या जागी नव्या बायकोचं नाव होतं. दर वर्षी तो तेच लिहून देत होता. तीन वर्षं. आणि यादीत मुली शहरातल्या असेपर्यंत त्याची सहीही तालुक्याच्या रुग्णालयात चालणार नव्हती.

बाई स्वभावाने वाईट नव्हती. मागची रांग चुळबुळत असतानाही तिने रस्ते समजावून सांगितले. एक, तपासनीस घरी येऊन बघून जाईल. पण तपासनीस एकच होता आणि पावसात पडलेल्या घरांची यादीही त्याच्याच गळ्यात पडली होती, तेव्हा चार महिने धरून चाला. दुसरा, नवराबायकोने स्वतः या खिडकीशी येऊन मुली आमच्याकडे राहत नाहीत असं लिहून द्यायचं. तिसरा रस्ता सांगण्याआधी ती थांबली.

“तक्रार. ती आली की पंधरा दिवसांत तात्पुरतं नाव तुमचं लागतं. पण मग तुमच्या भावाने खोटं लिहून दिलं हे वर जातं. पुढे काय होईल ते आमच्या हातात राहत नाही.”

बांधवालीने बोटांवर मोजलं. चोवीस दिवसांतून पंधरा गेले की उरले नऊ, त्यातला एक आज संपत आला. सोमवार हा शेवटचा दिवस पडत होता. तिने तक्रारीचा कोरा कागद मागून घेतला, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि रांगेतून बाहेर पडली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणतात ते तिला तेव्हा नीट कळलं.

ज्या बागवाल्याचं काम तिने धरलं होतं त्याचा बांध अर्ध्यात होता. पाया घालून झाला होता, पहिले तीन थर चढले होते. शहरात जायला एक दिवस हवा असं तिने सांगितलं तेव्हा बागवाला तापला. ढग पुन्हा जमताहेत, मी दुसरा माणूस बघेन, असं तो म्हणाला. बांधवालीने हातमोजे काढले, पायावरच्या दगडावर ठेवले आणि शांतपणे सांगितलं की दुसरा माणूस जरूर बघावा, पण दुसऱ्याने घातलेल्या पायावर चांगला गडी काम धरत नाही, आणि जो धरेल तो चांगला नसेल. बागवाल्याने थोडा वेळ झाडांकडे पाहिलं. मग परवा सकाळी लवकर ये म्हणाला.

दगड घडवून देणारा म्हातारा पाथरवट तिच्याबरोबर वडिलांच्या वेळेपासून होता. पोरी त्याला आजोबा म्हणत. त्याला कोणत्याही गोष्टीत आधी वाईट दिसायचं, आणि तरी तो प्रत्येक कामाला सगळ्यांच्या आधी हजर असायचा. पोरींकडे बघायचं त्याने कबूल केलं. तक्रारीचं ऐकल्यावर तो छिन्नी थांबवून म्हणाला, “दगड फोडला तर मला सांगता येतं किती तुकडे होतील. भाऊ फोडायचा असेल तर मला विचारू नकोस.”

“विचारलं कोणी?” बांधवाली म्हणाली. पण रात्रीचे दोन घास तिला कमीच गेले.

भाऊ शहरात एका मोठ्या धुलाईखान्याच्या मागच्या खोलीत राहत होता. बस सकाळी नऊला पोचली. धुलाईखान्याच्या दारातूनच वाफेचा गरम, ओला भपका येत होता. चादरींचे ढीग छताला लागले होते आणि लांब टेबलांशी बायका इस्त्री करत होत्या. भावाचं नाव विचारल्यावर त्यातली एक वळली. विशीपंचविशीची, गर्भार, पोट टेबलाच्या कडेला टेकत होतं म्हणून तिरकी उभी राहून काम करत होती.

“वन्सं ना तुम्ही?” ती म्हणाली. “चेहरा तोच आहे.”

तिने शेजारणीला दोन चादरी सोपवल्या आणि बांधवालीला मागच्या खोलीत नेलं. खोली हातभर, पण लख्ख. पाणी दिलं, चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत तिने आपण होऊन विचारलं की वसतिगृहात पोरींचं कसं चाललंय.

बांधवालीने पेला खाली ठेवला.

“कुठलं वसतिगृह?”

भावजयीने आधी हसून पाहिलं. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. तिला सांगितलेलं असं होतं की पोरी लांबच्या वसतिगृहात शिकतात, भत्ता थेट तिकडे जातो, आणि सुट्टीत येणं परवडत नाही. ती दर महिन्याला विचारायची आणि अभ्यास बरा चाललाय असं उत्तर मिळायचं. तिने ट्रंक उघडून दोन झगे काढले, निळ्या कापडाचे, हाताने शिवलेले. पोरी कधी आल्या तर असावेत म्हणून. बांधवालीने मोठा झगा उलगडून धरला. शिवण सरळ होती, टाके बारीक होते.

“थोरली यात मावायची नाही,” ती म्हणाली. “माझ्या खांद्याला आलीये ती.”

मग तिने कानाचं सांगितलं. जेवढं डॉक्टर म्हणाले तेवढंच, वाढवून नाही. भावजय ऐकताना खाली बघत होती आणि झग्याची घडी घालत होती, पुन्हा मोडत होती, पुन्हा घालत होती.

भाऊ तासाभराने आला. बांधवालीने त्याला चार वर्षांत पाहिलं नव्हतं. कमरेला रुंद पट्टा बांधलेला, एका बाजूला झुकलेला, चाळिशीच्या आतच म्हातारा दिसत होता. बंदरावर पाठ गेली होती. वर्षभरापासून तो या धुलाईखान्याच्या फाटकावर पहारा करत होता. बहिणीला बघून तो दारातच थांबला. मग बायकोच्या मांडीवरचे झगे त्याला दिसले आणि त्याने चौकटीला हात टेकला.

बोलणं फार झालं नाही. त्याने पाठ कशी गेली ते सांगितलं, आधी दोनच महिने वापरायचे ठरवले होते ते सांगितलं, एवढं बाळंतपण होऊ दे ताई, मग काय म्हणशील तिथे सही करतो, असं सांगितलं.

“कान थांबत नाही,” बांधवाली म्हणाली.

“सही केली तर मी खोटा ठरेन.”

“ठरायचं राहिलंय कुठे?”

त्याने मान खाली घातली. लहानपणी मार खाताना घालायचा तशीच. बांधवालीला तेव्हा त्याची दया आली आणि दया आली याचा रागही आला. याला तिने पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडला होता. तिने कमरेच्या पिशवीतून तक्रारीचा कागद काढला आणि त्याच्या समोर उलगडून ठेवला.

“हा अजून कोरा आहे. सोमवारी सकाळी मी कचेरीत असेन. तू आलास तर यावर माझी सही होणार नाही. नाही आलास तर करेन. मागाहून न सांगता केलं असं म्हणू नकोस, म्हणून एवढ्या लांब आले.”

तिने कागद परत घडी करून ठेवला. भावजय तिला बसपर्यंत सोडायला आली. बस सुटताना भावजयीने खिडकीशी येऊन एवढंच विचारलं की धाकटी कोणत्या बाजूने बोललं तर ऐकते. बांधवालीने आपल्या उजव्या कानाला हात लावून दाखवलं.

मधले दिवस कामात गेले. बांध कमरेपर्यंत आला. आता दोन्ही तोंडं एकमेकांना जखडणारे लांब दगड घालायचे होते, आडवे, बांधाच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. तसा एकेक दगड पहारीने सरकवत, फळीवरून ढकलत चढवायचा. पाथरवट खालून रेटायचा आणि यंदा माझी कंबर जाणार असं दर दगडाला सांगायचा. सांध्यावर सांधा आला की बांधवाली तो थर उतरवून पुन्हा लावत होती. बागवाला लांबून बघत होता, पण बोलत नव्हता. पाणी जायला तिने तळाशी भोकं ठेवली. जुन्या बांधाला ती नव्हती, म्हणूनच तो फुटला होता.

शनिवारी दुपारी थोरली डबा घेऊन आली. आत्या जेवेपर्यंत ती बांधाच्या सावलीत बसून दगडांच्या खपल्यांचा ढीग करत होती. मग मान वर न करता तिने विचारलं, “बाबांनी सही केली?”

“नाही. अजून.”

“मग तक्रार कर.”

“बाप आहे तुझा.”

“म्हणूनच म्हणते,” थोरली म्हणाली. “दुसरा कोणी असता तर मी काही म्हटलं नसतं.”

बांधवालीने घास गिळला. पोर बोलली ते चूक नव्हतं आणि बरोबर म्हणायलाही जीभ उचलत नव्हती. सोमवारपर्यंत त्याची वेळ आहे, शब्द दिलाय, असं तिने सांगितलं. थोरलीने खपल्यांचा ढीग पायाने मोडला, डबा उचलला आणि गेली. पण संध्याकाळी धाकटीच्या कानात औषध घालायला तीच बसली, रोजच्यासारखी, डोकं मांडीवर घेऊन.

रविवारी शाळेच्या बाईंनी तक्रारीचा कागद भरून द्यायला मदत केली. सही तेवढी राहिली. ती खिडकीशीच करेन, असं बांधवाली म्हणाली.

सोमवारी ती कचेरी उघडायच्या आधी पोचली. तरी रांग होतीच. आणि रांगेच्या तोंडाशी, बाकड्यावर, निळी पिशवी मांडीवर धरून भावजय बसली होती. पोटाकडे बघून लोकांनी तिला पुढे जागा दिली होती. ती पहाटेच्या बसने आली होती, तीन तास खड्ड्यांतून, आणि पाय सुजले होते. भाऊ बाहेर पायरीवर बसला होता. बांधवाली त्याच्या शेजारूनच आत आली होती, पण पट्टा बांधलेली वाकलेली पाठ तिने दुसऱ्याच कोणाची समजली होती.

“उठवून आणलंय,” भावजय हळूच म्हणाली. “माझं मूल उद्या जन्मेल आणि त्याच्या नावावर पहिला अर्जही असाच भरला जाईल, असं वाटलं. ते मला नको होतं.”

खिडकी उघडली. कारकून बाईने तिघांना एका ओळीत उभं पाहिलं आणि काही न विचारता योग्य तो कागद काढला. आपण होऊन कबूल केलं तर दंड नाही आणि घेतलेलं थोडं थोडं करून फेडता येतं, असं तिने भावाला सांगितलं. मग तिने माफी मागितल्यासारखं म्हटलं की सहीआधी मजकूर मोठ्याने वाचावा लागतो, तसा नियम आहे.

तिने वाचला. मुली आपल्याजवळ राहत नसताना आपण राहतात असं तीन वर्षं लिहून दिलं, त्या आपल्या बहिणीकडे राहतात, त्यांचं खाणंपिणं, शाळा, औषधपाणी तीच बघते. मागच्या रांगेत कुजबूज थांबली होती. कोणाचं तरी मूल रडत होतं तेवढंच. भावाचे कान लाल झाले होते. तो समोरच्या काउंटरकडे बघत उभा राहिला, पाठ शक्य तेवढी सरळ करून. बांधवाली एक पाऊल पुढे सरकली आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. वाचून संपेपर्यंत ती हलली नाही.

त्याने सही केली. मग भावजयीने. “पोरी माझ्याकडे कधीच नव्हत्या,” तिने तोंडानेही सांगितलं, “मी त्यांना अजून पाहिलेलंही नाही.”

बांधवालीने तक्रारीचा भरलेला कागद काउंटरवरून सरकवला. हा आता नको, म्हणाली. कारकून बाईने तो न वाचता फाडला.

आता तपासनीसाने एकदा घर बघायचं तेवढं उरलं, आणि कबुली आल्यामुळे तो गुरुवारीच आला. मोटरसायकल चिखलाने माखलेली, बरोबर जाड वही. त्याने दोन बिछाने पाहिले, शाळेची दप्तरं पाहिली, खिळ्याला टांगलेले छोटे फ्रॉक पाहिले. मग नियमाप्रमाणे मुलांना विचारायचं म्हणून तो धाकटीपुढे उकिडवा बसला आणि तू कोणाकडे राहतेस, असं विचारलं. पोर नुसती बघत राहिली. थोरली पुढे होऊन सांगणार होती, पण बांधवालीने तिला मागे धरलं. तिचं तिला बोलू दे, म्हणाली. तपासनीसाने पुन्हा विचारलं. धाकटीने मान वळवून उजवा कान त्याच्या तोंडाशी नेला आणि पुन्हा सांगा म्हणाली. त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

“आत्याकडे,” धाकटी म्हणाली. मग जरा विचार करून, “तुम्ही कोणाकडे राहता?”

तपासनीस सासऱ्यांच्या घरी राहत होता. तो हसला आणि त्याने वहीत लिहून घेतलं.

रुग्णालयाच्या दिवशी भाऊही आला. येऊ का, असं त्याने निरोप पाठवून विचारलं होतं आणि बांधवालीने ये म्हणून कळवलं होतं. थोरली त्याच्याशी बोलली नाही, पण तो बसला त्याच बाकावर बसली, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून. धाकटी नव्या ठिकाणी आलेल्या मांजरासारखी सगळं न्याहाळत होती. हा वाकलेला माणूस कोण ते तिला सांगितलं होतं. तिने ते ऐकून घेतलं होतं.

परिचारिका कागद घेऊन आली आणि सवयीने पुरुषाकडे वळली. कान पहिल्यांदा कधी वाहिला, तिने विचारलं. भावाने तोंड उघडलं आणि मिटलं. दोन वर्षांची असताना, गोवर झाला त्यानंतर, बांधवाली म्हणाली. कोणतं औषध सोसत नाही? लाल गोळी, तिने अंगावर पुरळ येतं. आधी कधी भूल दिली होती? नाही. रात्रीचं काय खाल्लं? साडेआठला दूध आणि भात, नंतर काही नाही, पाणीसुद्धा सकाळपासून नाही. परिचारिका लिहीत गेली. प्रश्न संपल्यावर तिने सहीची जागा दाखवली आणि पेन पुन्हा भावापुढे धरलं.

“मला नको,” तो म्हणाला. “त्यांना द्या. तुम्ही विचारलंत त्यातलं मला एकही सांगता आलं नाही.”

यादीत आता नाव बांधवालीचंच होतं. तिने पेन घेतलं. पहार धरणाऱ्या बोटांत ते काडीसारखं दिसत होतं. तिने सावकाश, दाबून सही केली. नात्याच्या रकान्यात आत्या लिहिलं आणि ते नीट वाचता येतंय ना, ते परिचारिकेकडून वाचून घेतलं. मग धाकटीला चाकांच्या खाटेवरून आत नेलं. दार मिटलं. दोन तास बांधवाली भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. आठ दिवस डोक्याला फेटा बांधल्यासारखं बँडेज होतं. भाऊ चौथ्या दिवशी परत गेला, कारण भावजयीचे दिवस भरत आले होते. जाताना थोरलीने त्याला बस किती वाजता आहे ते सांगितलं. एवढंच, पण सांगितलं. त्यानंतर तीन दिवसांनी मुलगा झाल्याचा निरोप आला, तोही त्याच कंडक्टरकडून. या वेळी त्याच दिवशी.

बँडेज निघाल्यावर डॉक्टरांनी कानातली पट्टीही काढली आणि महिनाभर कान पाण्यापासून जपा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून दोन्ही पोरी बांधावर आल्या. बागवाल्याचा बांध झाला होता, शेवटचे उभे दगड वर बसवायचे चालले होते. धाकटी पाथरवटाच्या समोर जाऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मोठं सांगायचं आहे असा भाव होता.

“आजोबा,” ती म्हणाली, “आत्या घोरते.”

पाथरवटाने दगड फोडायची सुतकी खाली ठेवली.

“काहीतरीच,” बांधवाली वरून म्हणाली. “मी नाही घोरत.”

“घोरते. मी रात्री उठून बघितलं. मला वाटलं घरात कोणीतरी आलंय. मग तिच्या तोंडाशी कान नेला तर तिथूनच येत होतं.”

बांधवालीने थोरलीकडे पाहिलं. थोरली दगडांच्या खपल्या वेचून देत होती. तिने जराही न हसता सांगितलं, “पहिल्यापासून घोरते. मला वाटायचं हिला माहीत आहे.”

म्हातारा पाथरवट इतका हसला की त्याला खोकला आला आणि पाणी द्यावं लागलं. डोळे पुसत तो म्हणाला की ही एवढी गोष्ट आधीच त्या साहेबाच्या वहीत लिहून दिली असती तर इतक्या सह्या लागल्या नसत्या. बांधवालीने त्याला काम करा म्हणून दटावलं. पण तिलाही हसू फुटलं होतं, आणि ते लपवायला ती बांधाच्या पलीकडच्या बाजूला उतरली. तिथून तिने हाक मारली, धाकटीला, डाव्या बाजूने. पोर लगेच उठून धावत आली.